रुळांचा फोटो: आधी जागा, मग फ्रेम, मग फोकस आणि गाडी सगळ्यात शेवटी

पाऊस सुरू झाला की ओळखीतले पाच-सात जण तरी मला घाटातले नाहीतर कोकणातले रुळांचे फोटो पाठवतात आणि विचारतात, प्रत्यक्षात एवढं भारी दिसत होतं, मग फोटोत का आलं नाही? फोटो उघडला की बहुतेक वेळा तोच प्रकार असतो. उभ्याने काढलेला, रूळ बरोबर फ्रेमच्या मधोमध, लांब जाऊन पांढऱ्या आभाळात विरलेले, पुढची खडी धूसर, मागचा डोंगरही धूसर आणि कडक फोकसमध्ये काय, तर मधलीच एक ओव्हरहेड वायर. नवा कॅमेरा घेऊन हे सुधारत नाही, कारण चुकतोय तो क्रम. लोक गाडीची वाट बघत बसतात, गाडी दिसली की घाईघाईत फ्रेम लावतात आणि फोकस कॅमेऱ्याच्या भरवशावर सोडतात. गाडी यायच्या आधी निदान अर्धा तास तुमचं ९० टक्के काम संपलेलं पाहिजे, तर खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने करा.

## १. जागा ठरवा, रुळांवर न उतरता

दोन रुळांच्या मध्ये उभं राहून काढायचा फोटो या लेखात नाहीच. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे विनापरवाना रुळांवर जाणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. विजेवरची गाडी आता फार आवाज न करता येते, त्यात पावसाचा आवाज, समोर वळण आणि तुमचा डोळा व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे गाडी अंगावर आल्यावरच कळणार. दूधसागरला तर २०२३ च्या पावसाळ्यात रेल्वेला लोकांना जाहीर सांगावं लागलं की बाबांनो, रुळांवरून चालत येऊ नका.

मग उभं कुठं राहायचं? चार जागा चालतात: रेल्वेवरून जाणारा रस्त्याचा पूल, स्टेशनचा पादचारी पूल, प्लॅटफॉर्म (पिवळ्या पट्टीच्या मागे) आणि फाटकाच्या बाहेरचा रस्ता. शिवाय घाटात हायवेवरचे पॉइंट असतात जिथून खालची लाइन दिसते, उदाहरणार्थ खंडाळ्याचा राजमाची पॉइंट. स्टेशनात कॅमेरा काढायच्या आधी स्टेशन मास्तरांना विचारा, ट्रायपॉड असेल तर नक्कीच विचारा, आणि नको म्हणाले तर नको, वाद घालू नका.

सराव करायला माझी आवडती जागा माथेरान. अमन लॉजपासून बाजारापर्यंत छोटा रूळ आणि लाल मातीची पायवाट जवळजवळ सोबतच जातात, वर वायर नाही, गाडी हळू. तिथला गेज (दोन रुळांमधलं अंतर) ६१० मिमी आहे आणि आपल्या नेहमीच्या ब्रॉडगेजचा १६७६ मिमी, म्हणजे रूळ एकमेकांच्या खूप जवळ असल्यामुळे दोन्ही रूळ फ्रेममध्ये बसवायला सोपं जातं. पायवाटेवर उभं राहूनच सगळं शिकता येतं. फक्त माकडांपासून बॅग सांभाळा.

जागा ठरवताना उजेडाची दिशाही बघा. सह्याद्रीचा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे कसारा किंवा कर्जतच्या घाटात सकाळी बराच वेळ दरी सावलीतच असते आणि कड्यावर थेट ऊन दुपारनंतर येतं. लोक पहाटे चारला उठून जातात आणि निळसर, मेलेल्या रंगाचे फोटो घेऊन येतात. तुम्हाला धुकं हवं असेल तर पहाट ठीक आहे, हिरवा डोंगर हवा असेल तर दुपारी तीननंतर जा.

इशारा: विद्युतीकरण झालेल्या लाइनवर पुलाला जाळी किंवा पत्रा लावलेला असतो, कारण खाली २५ हजार व्होल्टची वायर असते. जाळीतून हात, सेल्फी स्टिक, ट्रायपॉडचा पाय, कॅमेऱ्याचा पट्टा, काहीही बाहेर काढायचं नाही. जाळीवर चढायचं तर अजिबातच नाही.

## २. आदल्या रात्रीची तयारी

इथे जास्त वेळ घालवत नाही. बॅटरी चार्ज, कार्ड रिकामं, लेन्स पुसलेली (मोबाइलची तर खास पुसा, खिशातल्या तेलकट काचेमुळे निम्मे फोटो धुरकट येतात), कागदी टेपचा छोटा तुकडा, सुती रुमाल दोन आणि छत्री. टेप कशाला ते पुढे सांगतो. गाडीच्या वेळा बघून ठेवा, पण मालगाडीला वेळापत्रक नसतं हे लक्षात ठेवा.

पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते आणि मग पुसत बसायचं. पोहोचायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी एसी बंद करा, खिडक्या उघडा, बॅग तशीच बंद राहू द्या.

## ३. कॅमेरा काढायच्या आधी रूळ कुठे संपतोय ते बघा

लोक इथेच सगळ्यात जास्त चुकतात, त्यामुळे जरा सावकाश वाचा.

रूळ ही इतकी जोरदार रेष आहे की बघणाऱ्याची नजर तिच्यावरून घसरत शेवटपर्यंत जातेच, तुम्हाला पाहिजे असो वा नसो. मग शेवटी काय आहे? बोगद्याचं तोंड, सिग्नल, वळणामागचा डोंगर, एखादं कौलारू स्टेशन, काहीतरी हवं. शेवटी नुसतं पांढरं आभाळ असेल तर नजर एवढी लांब चालत जाते आणि हात हलवत परत येते. म्हणून जागेवर पोहोचलात की पहिली पाच मिनिटं कॅमेरा बॅगेतच ठेवा आणि नुसतं बघा की रूळ कशात जाऊन मिळतायत. काहीच नसेल तर दोन पर्याय: जागा बदला, नाहीतर थोडं तिरकं उभं राहा म्हणजे रूळ वळणाआड किंवा झाडीआड जाईल. आड जाणारा रूळ आभाळात विरणाऱ्या रुळापेक्षा कधीही बरा.

मग उंची. क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येतं. कॅमेरा खाली नेला की जवळचे स्लीपर (रुळांखालचे आडवे ठोकळे) आणि खडी मोठी दिसतात, लांबचा भाग चपटा होऊन एका पट्टीत जमा होतो. वर नेला, म्हणजे पुलावरून, की रूळ लांबवर उलगडलेला दिसतो आणि वळण खरं वळण वाटतं. उभ्या माणसाच्या डोळ्याची उंची या दोन्हीच्या मधली, आणि रुळांसाठी ती सगळ्यात कंटाळवाणी. प्लॅटफॉर्मवर असाल तर पिवळ्या पट्टीच्या मागे खाली बसा, वळण असेल तर पूल गाठा. प्लॅटफॉर्मच्या टोकाचा उतार उतरून खाली जायचं नाही, तिथून पुढे परत तेच कलम १४७.

## ४. फ्रेम लावा

आता कॅमेरा काढा. आधी रूळ फ्रेममध्ये शिरतो कुठून ते ठरवा. खालच्या डाव्या किंवा उजव्या कोपऱ्यातून, अगदी कोपऱ्यातून नाही तर कोपऱ्याच्या जरा आतून शिरलेला रूळ चांगला दिसतो. खालच्या कडेला मधेच तुटलेला एक रूळ आणि दुसरा फ्रेमच्या बाहेर, असं झालं की फोटो अर्धवट कापल्यासारखा वाटतो. रूळ जिथे संपतो तो बिंदू मधोमध न ठेवता वरच्या तिसऱ्या भागात एका बाजूला घ्या. अगदी सिमेट्री पाहिजेच असेल, दोन्ही बाजूला सारखे खांब, सारखी झाडी, तर मधोमध चालेल, पण मग बरोबर मधोमधच पाहिजे. पुलावर अर्धं पाऊल इकडे की तिकडे यानेसुद्धा फरक पडतो. जवळजवळ मधोमध म्हणजे सगळ्यात वाईट.

वायर आणि खांब. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग २०२२ मध्ये विजेवर आला, त्यामुळे जुने मोकळ्या आभाळाचे फोटो बघून तसंच काढायला जाल तर निराश व्हाल, खांब येणारच. ते लपवायच्या भानगडीत न पडता त्यांना रांगेत घ्या, एका बाजूने ते लहान-लहान होत गेले की रुळांनाच साथ देतात. बघायचं एवढंच की जवळचा खांब मागच्या सिग्नलवर किंवा डोंगराच्या टोकावर बसत नाहीये ना. बसत असेल तर एक पाऊल सरका.

आता एक गोष्ट जी मलाही खूप उशिरा कळली. फोटो सरळ करायला लोक रुळांकडे बघतात. वळणावर बाहेरचा रूळ मुद्दाम वर उचललेला असतो, आणि घाटात तर लाइनच चढावर असते, भोर (कर्जतचा) आणि थळ (कसाऱ्याचा) दोन्ही घाटांत ३७ ला १ असा चढ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. कर्जत आणि कसाऱ्याला गाडीला जादा इंजिनं लावतात ती याच्यासाठीच. अशा ठिकाणी रूळ सपाट दिसेल असा कॅमेरा धरलात तर झाडं, घरं सगळी कलंडतात. फ्रेमच्या मध्याजवळचा एखादा खांब धरा आणि तो उभा ठेवा. कडेचे खांब वाइड लेन्समध्ये (रुंद दृश्य घेणाऱ्या) तसेही झुकतात, त्यांच्याकडे बघू नका.

पावसाळ्यातलं आभाळ सपाट पांढरं असेल तर फ्रेमचा वरचा पाचवा भाग, त्याहून जास्त देऊ नका, कधीकधी पूर्णच काढून टाका.

तपासणी: डोळे बारीक करून स्क्रीन बघा. सगळ्यात उजळ काय दिसतंय? ते फ्रेमच्या कडेला असेल, एखादी प्लास्टिकची पिशवी, पांढरा बोर्ड, आभाळाचा तुकडा, तर फ्रेम अजून झालेली नाही.

## ५. फोकस कुठे करायचा

लोक दोन टोकं गाठतात. एक म्हणजे थेट लांबच्या डोंगरावर फोकस, त्यामुळे पुढची खडी मऊ येते. दुसरं म्हणजे कॅमेऱ्यालाच ठरवू देणं, आणि कॅमेऱ्याला रूळ आवडत नाहीत हे पक्कं समजा. चकाकणारी, लांब पळत जाणारी पट्टी, तिच्यावर जवळचं कुठे आणि लांबचं कुठे तेच त्याला कळत नाही, मग तो वायर नाहीतर जाळी पकडतो.

किती अंतरावर फोकस केला की जवळचं आणि लांबचं दोन्ही चालेल याचा हिशोब आहे, सगळे आकडे साध्या क्रॉप सेन्सरच्या (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) डीएसएलआर किंवा मिररलेससाठी, एफ ८ धरून. एफचा आकडा म्हणजे लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं छिद्र लहान आणि जवळपासून लांबपर्यंत जास्त भाग शार्प. आणि इथले मिमी म्हणजे लेन्सचा झूम, आकडा लहान तितकं दृश्य रुंद. १८ मिमीला साधारण २ मीटर, ३५ ला ७-८ मीटर, ५५ ला १९ मीटर आणि २०० मिमीला तब्बल २५० मीटर. या अंतरावर फोकस केलात की त्याच्या निम्म्या अंतरापासून ते पार क्षितिजापर्यंत ठीक दिसतं. पण अगदी त्याच आकड्यावर ठेवलं तर लांबचा डोंगर जेमतेम शार्प येतो, म्हणून मी थोडा पुढे जातो, १८ मिमीला २ ऐवजी ३ मीटरवर. जवळची हद्द १ मीटरवरून १.२ मीटरवर जाते, एवढंच नुकसान.

यातून निघतं काय, तर वाइड लेन्सने पुलावरून काढत असाल तर काळजीच नको, सगळंच लांब आहे, पंधरा-वीस मीटरवरच्या कशावरही फोकस करा. वाइड लेन्स आणि खाली बसून, पुढे जवळचा रूळ, तर वरचा ३ मीटरचा हिशोब. आणि २०० मिमीने वळण दाबून काढायचं असेल तर सगळं शार्प येणार नाही हे आधीच मान्य करा आणि एकच जागा निवडा, बहुतेक वेळा जिथे इंजिन येणार ती.

सगळं शार्प पाहिजे म्हणून एफ २२ वर जाऊ नका. या सेन्सरवर एफ १६ च्या पुढे अख्खा फोटोच मऊ व्हायला लागतो. एफ ८ ते ११ मध्ये राहा.

फोकस पॉइंट एकच ठेवा आणि तो कडक कडा असलेल्या वस्तूवर टाका. काँक्रीट स्लीपरची कड चालते, सिग्नलचा खांब चालतो, पण माझी हक्काची वस्तू म्हणजे ओव्हरहेडच्या खांबावरची नंबराची पाटी. ठळक आकडे, सपाट पाटी, कॅमेरा एका झटक्यात पकडतो आणि झूम करून बघताना आकडे वाचता येतात की नाही यावरून फोकस लागला का ते लगेच कळतं. पाहिजे त्या अंतरावरची पाटी निवडायची एवढंच.

जाळीतून काढताना वरचे नियम मोडावे लागतात. एफ ११ ला जाळी करड्या पट्ट्यांसारखी फोटोवर उमटते. लेन्स जाळीच्या भोकासमोर जितकी जवळ नेता येईल तितकी न्या (आतल्या बाजूनेच), ५० मिमीच्या पुढे झूम करा आणि एफ ४ किंवा ५.६ ठेवा, जाळी विरघळून जाते.

इशारा: एप्रिल-मेच्या दुपारी टेलिलेन्सने (लांबचं जवळ आणणाऱ्या) लांबचे रूळ काढलेत तर ते पाण्यात असल्यासारखे हलतात. तापलेल्या खडीवरची हवा आहे ती, फोकस कितीही केला तरी जाणार नाही. सकाळी आठच्या आत या.

## ६. फोकस लॉक करा, टेप लावा

फोकस लागला, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर) पूर्ण झूम करून बघितला, आता लेन्सवरचं बटण मॅन्युअलला टाका आणि फोकस रिंगवर टेपचा तुकडा चिकटवा. यानंतर झूमलाही हात लावायचा नाही, बऱ्याच लेन्सचा फोकस झूम हलवला की सरकतो.

हे मी शिकलो ते एका श्रावणात, कोकणातल्या एका रस्त्याच्या पुलावर. दोन तास उभा, पाऊस येतोय-जातोय, ऊन पडलं की रूळ चांदीसारखे, फ्रेम सुंदर लागलेली, सगळं तयार. गाडी वळणावर आली, मी बटण अर्धं दाबलं आणि कॅमेऱ्याने खर्र खर्र करत पुढची जाळी पकडली. सात फोटो निघाले, सातही जाळीचे. जाळीवर एक पावसाचा थेंब होता, तो मात्र अप्रतिम शार्प आलाय. शेजारी छत्री धरून उभा असलेला भाऊ म्हणाला, थेंबाचा फोटो घरी नळाखाली पण काढता आला असता.

एक्सपोजरही (फोटो किती उजळ येणार ते) आत्ताच ठरवा. ओले रूळ समोरून उजेड आला की पार पांढरे फटक होतात, तिथे नंतर काही परत मिळत नाही, म्हणून अर्धा ते पाऊण स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा उजेड).

मोबाइलवाल्यांनी मुख्य कॅमेराच वापरावा, अल्ट्रावाइडच्या कडा मऊ असतात. चार-पाच मीटरवरच्या वस्तूवर बोट दाबून धरा, लॉक झाल्याचं दिसेल, मग सूर्याचं चिन्ह जरा खाली ओढा. पोर्ट्रेट मोड नको, तो रूळ मधेच धूसर करतो. ग्रिड चालू ठेवा.

तपासणी: गाडी नसतानाच एक फोटो काढा आणि तो नीट बघा. रिकामा फोटो बघण्यासारखा नसेल तर गाडी आल्याने वाचणार नाही.

## ७. गाडी येते तेव्हा

ताशी ११० किमीने जाणारी गाडी सेकंदाला ३० मीटर कापते. शटर १/२५० सेकंद उघडं असेल तर तेवढ्यात ती १२ सेंटिमीटर सरकते, १/१००० मध्ये ३. समोरून तुमच्याकडे येत असेल तर १/५०० वर भागतं, आडवी जात असेल तर १/१००० च्या खाली जाऊ नका, त्यासाठी आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ८०० काय १६०० करावा लागला तरी करा. दाणे दिसलेले चालतात, पुसट इंजिन चालत नाही.

बर्स्ट (एकापाठोपाठ फोटो) आधीपासून दाबून ठेवू नका, कॅमेऱ्याची मेमरी भरते आणि नेमकं इंजिन जागेवर आलं की तो अडतो. इंजिन फ्रेममध्ये कुठे पाहिजे ते आधीच ठरवून ठेवा, तिथे पोहोचायच्या किंचित आधी सुरू करा. इंजिनाच्या पुढे रूळ मोकळा राहू द्या, फ्रेम इंजिनाने भरली की तो रुळांचा लँडस्केप राहत नाही. पुलावरून ट्रक जात असेल तर पूल थरथरतो, तो फोटो गेला असं समजा.

गाडी गेल्यावर लगेच सामान आवरू नका. ओल्या दिवसात शेवटचा डबा गेल्यावर काही सेकंद पाण्याचा फवारा रुळांवर रेंगाळतो, मला त्यातलेच फोटो जास्त आवडतात, लोक तोपर्यंत वडापाव शोधायला गेलेले असतात.

## ८. तिथेच, पुलावरच तपासा

घरी जाऊन मोठ्या स्क्रीनवर बघू, हे म्हणू नका. तीन ठिकाणी पूर्ण झूम करा: सगळ्यात जवळचा स्लीपर, तुमची नंबरपाटी आणि रूळ जिथे संपतो ती जागा. जवळचं मऊ आणि लांबचं शार्प असेल तर फोकस जवळ आणा, उलटं असेल तर लांब न्या. तिन्ही मऊ असतील तर फोकसचा प्रश्नच नाही, हात हलला किंवा पूल हलला. फक्त इंजिन पुसट आणि बाकी शार्प असेल तर शटर वाढवा. आणि तिन्ही ठिकाणं शार्प असूनही डोंगर धुरकट असेल तर ती हवा आहे, पाऊस पडून गेल्यावर परत या.

पुढच्या गाडीपर्यंत वेळ असतोच, एकच गोष्ट बदला आणि परत रिकामा फोटो काढा. सगळंच एकदम बदललं तर कशाने सुधारलं ते कळत नाही.

पुलावरून उतरायच्या आधी टेप काढा आणि लेन्स परत ऑटोफोकसवर टाका. मी एकदा विसरलो आणि दुसऱ्या दिवशी पुतणीचं बारसं होतं.